हिरवळीलाही विसावा हवा

मागील वर्षी दिवाळी आटोपल्यावर आम्ही उभयता काही आठवड्यांसाठी स्कॉटलंडमधील डंडी या शहरी मुलीकडे गेलो होतो. आमच्या जावयांना गोल्फचा छंद आहे. एका सकाळी त्यांनी मला आग्रहाने मैदानावर नेले. सोबत त्यांचे एक स्नेही होते, मूळचे इचलकरंजीचे, कापडाच्या व्यापारातले. लंडनला कामासाठी आलेले हे गृहस्थ या एका खेळासाठी मुद्दाम रेल्वेने उत्तरेकडे आले होते आणि पैसेही आगाऊ भरून बसले होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा आकाश निरभ्र होते, वारा पडलेला होता, ऊन कोवळे होते. मैदान मात्र पांढरे शुभ्र दिसत होते आणि दाराशी फळा लावलेला होता : दहिवरामुळे मैदान बंद, दहा वाजता पुन्हा पाहणी.

व्यापारी स्नेह्यांना हे पटेना. "पाऊस नाही, बर्फ नाही, ऊन पडलंय. मग अडचण कसली? थोडं पांढरं दिसतंय एवढंच ना!" ते म्हणाले. जवळच उभे असलेले मैदानाचे वयस्क रखवालदार, ज्यांना तिकडे ग्रीनकीपर म्हणतात, काही न बोलता आम्हांला कुंपणाकडे घेऊन गेले. तेथे गवतावर माणसाच्या पावलांची एक रांग उमटलेली होती. पावले काळपट तपकिरी होती, जणू तापलेल्या लोखंडाने डागली असावीत. काही दिवसांपूर्वी दहिवर पडले असता कोणीतरी तेथून चालत गेले होते. हे डाग आता वसंतापर्यंत राहतील, असे त्यांनी सांगितले.

त्या दिवशी चहाच्या पेल्यांवर आम्हांला बराच वेळ थांबावे लागले. त्या वेळात आणि पुढे मुक्कामात जे ऐकले, पाहिले व नंतर वाचले, ते येथे मांडतो. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची मुले आज परदेशी आहेत. व्यापारी मंडळींत गोल्फ खेळणारेही वाढले आहेत. त्यांतील अनेकांचा प्रवास दिवाळीच्या सुट्टीतच होतो, म्हणजे नेमका तिकडच्या शरद ऋतूत.

येथला शरद आणि तेथला शरद

आपल्याकडे शरद म्हणजे उघडीप. पावसाळ्यात चिखल झालेली पुण्या-मुंबईची गोल्फ मैदाने याच सुमारास वाळू लागतात आणि खेळाचा चांगला काळ सुरू होतो. उत्तर युरोपात याच्या उलट घडते. तेथे शरद म्हणजे मैदानाचे दार हळूहळू मिटण्याचा काळ.

याचे मूळ सूर्याच्या मार्गात आहे. गोल्फचे माहेरघर मानले जाणारे सेंट अँड्र्यूज हे गाव डंडीपासून जवळच, सुमारे ५६ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनमधला दिवस साडेसतरा तासांचा असतो, तर डिसेंबरातला जेमतेम सात तासांचा. आपल्याकडे मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास आणि लहानात लहान अकरा तासांचा. म्हणजे जो फरक आपल्याला दोन तासांचा जाणवतो, तो तेथे दहा तासांहून अधिक आहे. सप्टेंबरच्या आरंभी तेथे रात्री आठला सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि मग दुपारी साडेचारलाच दिवेलागण होते.

दिवस लहान होतो तसाच सूर्य खालीही उतरतो. नोव्हेंबरच्या आरंभी भर मध्यान्ही पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ५५ अंश वर असतो. सेंट अँड्र्यूजला तो त्याच वेळी अवघा १८ अंशांवर असतो. त्यामुळे झाडांच्या सावल्या दिवसभर लांबच लांब पडलेल्या राहतात आणि सावलीतील गवताला ऊब मिळतच नाही. आमच्या त्या सकाळी उन्हातले दहिवर लवकर वितळले, पण एका बाजूला बीचच्या झाडांची रांग होती, तिच्या आडोशाची हिरवळ दुपारपर्यंत पांढरीच होती.

पावसाचे गणितही निराळे आहे. सेंट अँड्र्यूजच्या परिसरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ पुण्याएवढाच. मात्र पुण्याचा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि नंतर ऊन जमीन कोरडी करते. तेथला पाऊस बारा महिन्यांत विभागलेला असतो. उन्हाळ्यात तो वाळतो. शरदात ऊन मंद झाल्याने बाष्पीभवन कमी होते, गवतही कमी पाणी शोषते, आणि पडलेले पाणी जमिनीत साठत जाते. थोड्या पावसानेही मैदान जड होते ते यामुळे.

गवताची जमाखर्च वही

आपल्याकडील गोल्फ मैदानांवर बहुधा बर्म्युडा जातीचे गवत असते. शास्त्रीयदृष्ट्या ही आपली हरळी, म्हणजेच दूर्वा. तिला ऊन प्रिय. थंडी वाढली की ती पिवळी पडून झोपी जाते. स्कॉटलंडची गवते थंड हवेतली आहेत. समुद्रकाठच्या वालुकामय मैदानांवर फेस्क्यू आणि बेंट या बारीक पात्यांच्या जाती वाढतात. त्यांना साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसचे तापमान मानवते. जमिनीचे तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरले की त्यांची वाढ जवळजवळ थांबते.

वाढ थांबणे याचा अर्थ दुरुस्ती थांबणे. गोल्फमध्ये काठीच्या फटक्याने गवताचा एक तुकडा मातीसकट उडतो. जुलैत ही जखम काही आठवड्यांत भरून येते. नोव्हेंबरात झालेली तीच जखम एप्रिल उजाडेपर्यंत तशीच राहते. मी आयुष्यभर बँकेत कर्जदारांच्या वह्या पाहिल्या, त्या भाषेत सांगायचे तर उन्हाळ्यात मैदान व्याजावर चालते आणि शरदापासून मुद्दलावर. खेळणाऱ्याला दोन्ही वेळी हिरवळ सारखीच हिरवी दिसते, म्हणून फरक लक्षात येत नाही.

जाणता ग्रीनकीपर या काळात पाती थोडी उंच राखतो. पाते मोठे असले की मंद उन्हातूनही त्याला अधिक अन्न तयार करता येते. याचा परिणाम खेळावर होतो. भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ, जिला ग्रीन म्हणतात, ती मंद होते आणि चेंडू उन्हाळ्यासारखा घरंगळत नाही. अनेक मैदानांवर याच सुमारास, जमिनीत थोडी ऊब शिल्लक असताना, ग्रीनमध्ये यंत्राने असंख्य बारीक छिद्रे पाडून त्यांत वाळू भरतात. घट्ट झालेल्या मातीत त्यामुळे हवा खेळते, पाणी खाली झिरपते, मुळे खोल जातात. पुढचे दोन-तीन आठवडे चेंडू उड्या मारत जातो आणि खेळाडू कुरकुर करतात. वर्षभराचा नफा वाटून न टाकता घसाऱ्याची तरतूद करणाऱ्या पेढीवर भागीदार नाराज होतात, तसाच हा प्रकार.

वाळूच्या या उपायाशी टॉम मॉरिस यांचे नाव जोडले जाते. १८२१ ते १९०८ असे दीर्घ आयुष्य लाभलेले हे गृहस्थ चार वेळा ओपन स्पर्धा जिंकलेले खेळाडू होते आणि सेंट अँड्र्यूजच्या मैदानाचे अनेक वर्षे रखवालदारही होते. वाळू पसरल्याने गवत सुधारते, हे त्यांनी अनुभवाने जाणले व त्याचा नेमाने अवलंब केला.

दव, पाने आणि गांडुळे

शरदाच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. पाती हवेपेक्षाही थंड होतात आणि त्यांच्यावर दव जमते. ओल्या गवतावर चेंडू ठेवून फटका मारला की चेंडू आणि काठी यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो, चेंडूला फिरकी मिळत नाही आणि तो अंदाजापेक्षा वेगळाच जातो. दव फार वेळ राहिले तर गवताला बुरशी लागते. फ्युजेरियम पॅच या नावाने ओळखला जाणारा रोग थंड व ओल्या शरदात विशेष बळावतो. त्यासाठी पहाटे लांब, लवचिक काठी गवतावरून फिरवून दव झाडून टाकतात. पहाटेच्या संधिप्रकाशात एकटा माणूस संथपणे अशी काठी फिरवीत चालला आहे, हे दृश्य मला फार आवडले.

रात्र आणखी थंड असली की दवाचे दहिवर होते. हवा दोन-तीन अंशांवर असतानाही पात्याचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असू शकतो. अशा पात्याच्या पेशींतील पाणी गोठलेले असते. त्यावर पाऊल पडले की पेशी काचेसारख्या फुटतात. हेच ते काळे ठसे. याहून धोक्याची वेळ त्यानंतरची. वरची बोटभर माती वितळलेली आणि खालची अद्याप गोठलेली असते, तेव्हा चालणाऱ्याच्या भाराने वरचा थर सरकतो आणि मुळे तुटतात. वरून काहीच दिसत नाही. म्हणून दहिवर गेल्यावरही मैदान लगेच उघडत नाहीत.

समुद्रकाठच्या मैदानांवर झाडे नसतात, परंतु आतील भागातील मैदानांना ओक, बीच, बर्च यांची गर्दी असते. ऑक्टोबरात त्यांची पाने तांबूस-सोनेरी होऊन गळतात. दिसायला मनोहर, पण पानांच्या थराखाली गवत गुदमरते आणि पांढरा चेंडूही सापडेनासा होतो. २०१९ पासून चेंडू शोधण्याची मुदत पाचऐवजी तीन मिनिटांवर आली आहे, तेव्हा पानांच्या ढिगात चेंडू हरवणे महागात पडते. काही मैदाने यासाठी स्थानिक नियम करून पानांच्या जागेतून दंडाशिवाय सुटका देतात.

आता गांडुळांविषयी. जमीन ओली पण अजून उबदार असली की ती वर येतात आणि मातीच्या लहान ढिगुळ्या बाहेर टाकतात. त्यांवर पाय किंवा यंत्राचे चाक पडले की चिखलाचे डाग होतात व गवत दबते. पूर्वी यासाठी विषारी रसायने सर्रास वापरीत. ब्रिटनमध्ये त्यांच्या वापरावर एकामागून एक बंदी येत गेली आणि गेल्या दशकात राहिलेल्या शेवटच्या प्रमुख औषधाचीही परवानगी गेली. आता ढिगुळ्या वाळल्यावर झाडून पसरवणे, कापलेले गवत उचलून नेणे, वाळू टाकणे, असे सौम्य उपाय उरले आहेत. गांडूळ माती भुसभुशीत करते, तिच्यातून पाणी जाण्यास वाट देते, हे चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर दाखवले होते. ज्याला शत्रू समजून मारले, तो जमिनीचा राबता नोकर होता, हे मान्य व्हायला एवढा काळ जावा लागला. द्वींद्रिय जीवांत गांडुळाची गणना आपण बालपणीच पाठशाळेत शिकलो. ती आठवण मला त्या परक्या मैदानावर अकस्मात झाली.

चेंडूचे वागणे आणि माणसाचे

थंड हवा घन असते. २५ अंशांच्या तुलनेत ५ अंशांवरची हवा सुमारे सात टक्के अधिक घन भरते. चेंडूला तेवढा जास्त विरोध होतो. चेंडूतील रबरही थंडीत ताठर होते आणि अंगावरच्या जाड कपड्यांनी हात मोकळा फिरत नाही. शिवाय उन्हाळ्यात कडक जमिनीवर पडलेला चेंडू पुढे दूरवर पळतो, शरदात तो पडल्या जागी रुतून बसतो. या सर्वांचा परिणाम म्हणजे तेच मैदान खेळाडूला कितीतरी लांब वाटू लागते. त्यात अटलांटिकवरून येणारी वादळे. २०२३ च्या ऑक्टोबरात सेंट अँड्र्यूज, कार्नुस्टी आणि किंग्सबार्न्स या तीन मैदानांवर होणारी डनहिल लिंक्स स्पर्धा अतिवृष्टीमुळे ७२ ऐवजी ५४ होलांवर आटोपावी लागली होती. जगातील नामांकित खेळाडू आणि उत्तम यंत्रसामग्री असूनही निसर्गापुढे इलाज चालला नाही.

चेंडू चिखलाने माखतो म्हणून शरद-हिवाळ्यात अनेक मैदाने एक सवलत देतात. फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या मुख्य पट्ट्यावर, पडलेला चेंडू उचलून, पुसून, ठरवून दिलेल्या अंतरात पुन्हा ठेवता येतो. अंतर काही इंचांचे असते. ते मोजायला पंच नसतो. प्रत्येकाने आपले आपण मोजायचे. पाने बाजूला करण्याची मोकळीक असते, परंतु ती काढताना चेंडू हलला तर, ग्रीनवर नसल्यास, एका फटक्याचा दंड स्वतःच्या नावावर स्वतःच मांडायचा. त्या दिवशी आमचे व्यापारी स्नेही बीचच्या झाडांखाली एकटेच पाने बाजूला करीत होते. आम्ही बरेच दूर होतो. परत आल्यावर ते सहज म्हणाले, "माझा एक वाढवा. चेंडू हलला." जावयांनी मुकाट्याने आकडा दुरुस्त केला. रोजमेळाला साक्षीदार नसतो तेव्हाच माणसाची पत कळते, हे मला बँकेतील अनेक वर्षांनी शिकवले होते. मैदानावर त्याचा पुन्हा प्रत्यय आला.

विसाव्याचा हिशेब

सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स हे जगातील सर्वांत प्रसिद्ध गोल्फ मैदान. भर हंगामात तेथे एका फेरीचे शुल्क तीनशे पौंडांहून अधिक असते आणि जागा मिळावी म्हणून लोक सोडतीत नाव घालतात. असे असूनही हे मैदान एरवी रविवारी खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावकरी तेथे मुलाबाळांसह फिरावयास येतात. रविवार पाळण्यामागे ख्रिस्ती धर्मातील विश्रांतीदिनाची परंपरा आहे, आणि गवतालाही त्यातून आठवड्याचा विसावा मिळतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात तेथे खेळाडूंना हातात एक लहानशी चटई दिली जाते. फेअरवेवरील चेंडू त्या चटईवर ठेवून मारायचा, म्हणजे जमिनीला जखम होत नाही. हिवाळी शुल्क उन्हाळ्यापेक्षा बरेच कमी असते. हे मैदान कुणा एका धनिकाचे नाही. ही सार्वजनिक भूमी आहे आणि १९७४ च्या संसदीय कायद्याने स्थापन झालेला विश्वस्त निधी तिची व्यवस्था पाहतो. जगभरचे ग्राहक दाराशी पैसे घेऊन उभे असताना आठवड्यातील एक दिवस दार बंद ठेवणे किती कठीण असते, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

येथे चातुर्मासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पावसाळ्यात भूमी अंकुरांनी व सूक्ष्म जीवांनी भरून जाते, चालण्याने त्यांची विराधना होते, म्हणून आपले साधू-साध्वी एका स्थानी स्थिर होतात. पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती तर त्यांच्या नित्याच्या आचारातच आहे. दव आणि हिम यांनाही आपल्याकडे अप्काय जीव मानले आहे. या दोन गोष्टी एकच आहेत, असे मी म्हणणार नाही. गोल्फ मैदान हे शेवटी करमणुकीचे स्थान आहे. तेथे गवत रोज कापले जाते, औषधेही फवारली जातात. मैदान बंद ठेवण्यामागे जीवदयेपेक्षा मैदानाचे हित असते. तरीही आपल्या पावलाचा भार कोणावर तरी पडतो, आणि काही काळ तो पडू न देणे शहाणपणाचे असते, एवढे भान दोन्हींकडे आढळते.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

दिवाळीच्या सुट्टीत तिकडे खेळावयास जाणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ घेऊ नये, दहिवराने ती वाया जाण्याचा संभव असतो. फार उशिराची वेळ घेतली तर अंधार गाठतो. अठरा होलांना चार तासांहून अधिक लागतात, हे धरून मधली वेळ निवडावी. झाडी असलेल्या आतील मैदानांपेक्षा समुद्रकाठची वालुकामय मैदाने पाण्याचा निचरा लवकर करतात, तेव्हा शरदात त्यांना प्राधान्य द्यावे. मैदान बंद राहिल्यास पैसे परत मिळतात की दुसरी वेळ मिळते, हे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे. छिद्रे पाडण्याचे काम केव्हा आहे, तेही विचारावे. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा साधला तर फारच उत्तम. तेव्हा जमीन उबदार, दिवस मोठा आणि पाने झाडावर असतात.

आमचे मैदान त्या दिवशी साडेअकराला उघडले. पुढे रांग होती, प्रत्यक्ष आरंभ सव्वाबाराला झाला. चारनंतर चेंडू दिसेनासा झाला तेव्हा चौदा होल झाले होते. चार राहिलेच. परतताना व्यापारी स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचे माग तीन पाळ्यांत चालतात. मिस्त्री दर वर्षी म्हणतो, आठ दिवस बंद ठेवा, सगळं उघडून नीट करू. मी दर वर्षी म्हणतो, पुढच्या हंगामानंतर बघू."

मी काही बोललो नाही. गाडीकडे जाणारी जवळची वाट हिरवळीवरून होती. ते फरसबंद रस्त्याने वळसा घालून आले.